जळालेली तार कुणाची? मोटर भरायच्या दुकानातली २२ वर्षं

वाइंडिंगवाला (अंबड)

नमस्कार मंडळी.

अंबडला माझं मोटर भरायचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. २००३ साली टाकलं. त्याआधी चार वर्षं जालन्यात एका मिस्त्रींच्या हाताखाली होतो. आता मुलगा दुकानात बसायचं म्हणतोय. परवा त्यानं विचारलं, "पप्पा, या धंद्यात खरं शिकायचं काय असतं?" स्लॉटमध्ये कॉइल टाकणं, कनेक्शन काढणं, मेगर (तारेचं आवरण तपासायचं मीटर) लावून तपासणं हे सगळं त्याला येतं. त्याला दुसरंच काही विचारायचं होतं आणि मला तेव्हा धड सांगता आलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात आहे म्हणून इथं लिहितोय. तुमच्यातले बरेच जण लहान धंदा करतात, तुमचंही सांगा.

आमच्याकडं मोटर जळायची कारणं ठरलेली. एक फेज गेला की सगळा भार उरलेल्या दोन फेजवर येतो, करंट वाढतो आणि तारेवरचं आवरण वितळतं. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, मोटारी जास्त झाल्या की व्होल्टेज पडतं. ४१५ च्या जागी ३३० मिळालं तरी पंप तेवढंच पाणी ओढायला बघतो, मग मोटर जास्त करंट खाते. तिसरं कारण म्हणजे बोअरचं पाणी तुटणं. पाण्यात राहून थंड होणारी मोटर कोरडी फिरली की आधी बुश आणि थ्रस्ट बेअरिंग जातं, मग वाइंडिंग. शेतकरी मोटर घेऊन येतो तेव्हा त्याचं पीक रानात उभं असतं. "उद्या सकाळपर्यंत द्या" याशिवाय त्याला काही बोलायचं नसतं. भाव करायला त्याच्यापाशी वेळ नसतो, आणि आत काय भरलं हे त्याला कधीच दिसत नाही. आमच्या धंद्यातली सगळी खोट या एका गोष्टीत दडलेली आहे.

मी शिकलो तिथं रीत अशी होती की जळालेली तार दुकानाची. गिऱ्हाइकाला भरणावळीचा एक आकडा सांगायचा, काढलेलं तांबं पोत्यात टाकायचं आणि पोतं भरलं की भंगारात विकायचं. कधी हात आखडला तर एक गेज बारीक तार भरायची. मोटर चालू होते, पाणीही येतं. वर्षभरात पुन्हा जळते, तेव्हा दोष लाइटीवर ढकलायचा. माझ्या उस्तादांचं काम सोन्यासारखं होतं आणि त्यांच्या हातचं मी आयुष्यभर खातोय, त्यामुळं हे लिहिताना जड जातंय. पण खरं ते खरं. पहिलं वर्षभर मीही तांबं ठेवून घेतलं.

२००४ च्या उन्हाळ्यात घनसावंगीकडचे एक बाबा मोटर न्यायला आले. पैसे मोजून दिले, मोटर गाडीत चढवली, मग परत येऊन विचारलं, "आतली जुनी तार कुठंय?" मी म्हणालो, "बाबा, ती जळाली." ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "वरचं प्लास्टिक जळतं रे. तांबं कसं जळंल?" भांडले नाहीत, आवाज चढवला नाही, एवढं बोलून गाडीत बसले आणि गेले. त्यांच्या मोटरीतलं चार किलो तांबं त्या वेळी माझ्या पायापाशी पोत्यात होतं.

त्या आठवड्यात जालन्याहून काटा आणला, वजनमापवाल्यांकडून शिक्का मारून घेतला आणि टेबलावर ठेवला. तेव्हापासून जुनी तार गिऱ्हाइकासमोर तोलायची, नवी भरायच्या आधी तीही तोलायची, दोन्ही वजनं बिलावर लिहायची. जुनी तार पाहिजे असेल तर घेऊन जा, नाहीतर त्या दिवशीच्या भंगाराच्या भावानं बिलातून वजा. मजुरी वेगळी. नव्या तारेला वरून आवरण असतं, त्यामुळं तिचं वजन थोडं जास्त भरतं. हेही आधीच सांगावं लागतं, नाहीतर माणसाला वाटतं इथंच काहीतरी गोम आहे.

पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक कमी झालं. तेव्हा पाच एचपीची मोटर दुसरीकडं १८०० रुपयांत भरून मिळायची, माझं बिल २४०० व्हायचं. तांब्याचे ७००-८०० वजा केले की माझंच स्वस्त पडायचं. पण माणूस आधी मोठा आकडा ऐकतो आणि निघून जातो. घरात ओढाताण झाली. बायको म्हणायची, तुमचं बरोबर आहे पण लोकांना समजेल असं सांगा. मग बिलाचा कागदच बदलला. सगळ्यात वर जुन्या तारेची वजाबाकी, खाली बाकीचा हिशोब. ही सूचना तिची. खरेपणा पाळायचा तर तो सोपा करून सांगताही आला पाहिजे, हे मला तिनं शिकवलं.

आता दुष्काळाचं. लोकांना वाटतं दुष्काळात आमचा धंदा बसत असेल. आधी उलट होतं. २०१२ ला पाऊस गेला तसे बोअर तुटायला लागले, मोटारी कोरड्या फिरून जळायला लागल्या, लोक पाइप वाढवून मोटारी खाली सोडायला लागले. रात्री बारापर्यंत दुकान चालायचं. मी कामाला दोन पोरं वाढवली, कर्ज काढून लेथ घेतला. आणि २०१३ चा जानेवारी उजाडला तसं सगळं थांबलं. बोअरला पाणीच नाही, मोटर भरून करायचं काय? लेथचा हप्ता चालू, आणि २ लाख ६० हजार उधारीत अडकलेले. जमिनीतलं पाणी खाली चाललं होतं म्हणून दुकानात गर्दी होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रोज त्याच मोटारी हाताळत होतो, तरी आलं नाही.

त्या मार्चमध्ये वसुलीला निघालो. वडीगोद्रीकडच्या एका बागवाल्यांकडं १४,३०० रुपये येणं होतं. त्यांची मोसंबी तालुक्यात नावाजलेली. मी पोचलो तेव्हा बाग तोडणं चालू होतं. टँकरनं पाणी घालून घालून ते थकले होते. मोसंबीचं झाड धरतं पाच-सहा वर्षांनी, अन् पडतं दहा मिनिटांत. ते स्वतः बांधावर उभे राहून फांद्या मोजत होते, सरपणाला किती जाईल म्हणून. मला बघून म्हणाले, "या, चहा घ्या." चहा घेतला आणि पैशाचा विषय न काढता परत आलो. लेथचा त्या महिन्याचा हप्ता मेव्हण्याकडून घेऊन भरला.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. चांगल्या महिन्यातला पैसा वेगळ्या खात्यात टाकायला लागलो. २०१५-१६ च्या दुष्काळात दोन्ही पोरांचे पगार त्यातूनच निघाले. आणि उधारी लिहून, समोरच्याची सही घेऊन द्यायला लागलो. आधी वाटायचं सही मागितली की माणूस दुखावेल. तसं झालं नाही. दुकानदाराच्या मनात आकडा वाढत नाही हे कळलं की माणूस निवांत होतो.

एवढं मुलाला सांगता येईल. पण धंद्यात रोज नवीन प्रसंग येतो आणि त्याला सगळं लागू पडत नाही. तुम्ही काय शिकलात?

भट्टीवाली (भूम)

दादा, "तांबं कसं जळंल" हे वाक्य वाचून मी हातातलं काम ठेवलं.

आमची खव्याची भट्टी आहे. सासऱ्यांपासूनची. आमच्या भागात म्हशीचं दूध आणि खवा हेच जगणं आहे, कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव सगळीकडं आहेच. एक किलो खव्याला चार ते पाच लिटर दूध लागतं, म्हशीच्या दुधात फॅट किती त्यावर. हे गणित गिऱ्हाइकाला माहीत असतं, पण कढईत काय पडलं ते त्याला दिसत नाही. तुमच्यासारखंच. दिवाळीच्या आधी मागणी एवढी येते की दूध पुरत नाही, तेव्हाच मोह होतो. पावडर टाक, स्टार्च टाक, कोण बघतंय? एका मोठ्या व्यापाऱ्यानं आम्हाला उघड सांगितलं होतं, "माल दुप्पट द्या, कसा करायचा ते तुमचं तुम्ही बघा." सासऱ्यांनी नाही म्हटलं आणि त्या वर्षी आमचा माल त्यानं उचलला नाही. खवा उन्हात दोन दिवस टिकत नाही. आम्ही रात्रीतून बार्शीला नेऊन पडेल भावानं विकला.

आता मी आयोडीनची बाटली ठेवते. चिमूटभर खवा पाण्यात उकळून, थंड करून त्यात दोन थेंब टाकले की स्टार्च असेल तर निळं होतं. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर करून दाखवते. बाटलीला खर्च काहीच नाही, पण हे आधी सुचलं असतं तर ते वर्ष तसं गेलं नसतं असं वाटत राहतं.

मोंढा (लातूर, सध्या पुणे)

धागा मनापासून आवडला. तरीही मला वेगळं वाटतं ते लिहितो.

माझे वडील लातूरच्या मोंढ्यात अडत्या होते, म्हणजे शेतकऱ्यांचा माल खरेदीदाराला विकून द्यायचे. तूर, सोयाबीन, हरभरा. हिशोबपट्टीत नियमाबाहेरची तूट त्यांनी कधी कापली नाही. शेतकऱ्याचं पेमेंट त्याच दिवशी करायचं असा बाजार समितीचा नियम आहे, तो त्यांनी शब्दशः पाळला. खरेदीदाराचे पैसे मात्र पंधरा-वीस दिवसांनी यायचे. मधला पैसा स्वतःच्या खिशातून. एका हंगामात एक खरेदीदार बुडाला आणि आमचे सगळे पैसे अडकले. शेतकऱ्यांना वडिलांनी आधीच दिलेले होते. एकाही शेतकऱ्याचा रुपया बुडाला नाही, आमचं दुकान मात्र बंद झालं. मी तेव्हा बारावीत होतो.

म्हणून मी मुलाला आधी हे शिकवीन: एका गिऱ्हाइकावर किती पैसा अडकू द्यायचा याची मर्यादा ठरव. सचोटी हवीच. पण माझ्या वडिलांकडं ती भरपूर होती आणि तरी दुकान गेलं. त्यांची चूक अशी की स्वतःला लावलेला नियम त्यांनी समोरच्याला लावला नाही.

वाइंडिंगवाला (अंबड)

मोंढा दादा, तुमचं म्हणणं मला पटतं. माझ्याकडं उधारीला सही होती, मर्यादा नव्हती. एकेका माणसाच्या तीन-तीन मोटारी उधारीवर भरून दिल्यात मी. तुमचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. तो लगेच म्हणाला, "माणशी एकच मोटर, आधीची बेबाक झाल्याशिवाय दुसरी नाही." वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मोंढा (लातूर, सध्या पुणे)

ते २०१८ ला गेले. पण हा धागा आईला वाचून दाखवतो.

बियाणं_खत (वसमत)

माझं कृषी सेवा केंद्र आहे. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी दरानं २६६ रुपये ५० पैशांना विकायची असते. वरून येताना युरियासोबत भलतीच औषधं, विद्राव्य खतं गळ्यात मारतात. घेतली नाहीत तर युरिया मिळत नाही. हे लिंकिंग बेकायदा आहे, पण ऐन पेरणीत तक्रार करत बसलो तर शेतकरी रिकाम्या हातानं परत जातो.

यात मी काय करतो ते सांगतो, बरोबर की चूक तुम्ही ठरवा. गळ्यात पडलेला माल मी शेतकऱ्याच्या गळ्यात मारत नाही. वेगळा ठेवतो, ज्याला खरंच गरज आहे त्याला विकतो. उरलेल्याची मुदत संपते आणि ते नुकसान माझं. त्यामुळं माझा नफा शेजारच्या दुकानापेक्षा कमी आहे आणि मुलीच्या कॉलेजच्या फीला दरवर्षी उशीर होतो. घरी हे सांगताना मला अभिमान वाटत नाही, लाज वाटते. ती का वाटावी हे कळत नाही, पण वाटते.

उधारीचं म्हणाल तर आमच्याकडं वर्ष जूनपासून दसरा-दिवाळीपर्यंत धरायचं. सोयाबीन निघालं की लोक येतात. भाव पडलेला असला की अर्धेच येतात. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं तेव्हा लोकांनी जुनी बाकीसुद्धा आपणहून आणून दिली. त्यानंतरची वर्षं तुम्ही जाणताच. माणूस तोच असतो. हे बघितल्यापासून थकबाकीदाराला मी लबाड म्हणणं सोडलं. आधी बाजारभाव बघतो, मग तगादा लावतो.

भट्टीवाली (भूम)

भाऊ, लाज वाटू देऊ नका. मुलगी मोठी होईल तेव्हा तिला हे सगळं समजेल, तिला आत्ताच सांगा.

सुईदोरा (नांदेड)

मी नवीन आहे. शिवणकामाचं दुकान टाकून आठ महिने झालेत. मुद्रा योजनेतून शिशु कर्ज घेतलंय, ५० हजारांच्या आतलं. माझी अडचण उधारीचीच पण घरची. मावशा, काकू, नणंदेच्या मैत्रिणी, सगळ्यांची ब्लाउजं मी शिवते आणि "देते गं नंतर" म्हणून जातात. पाव्हण्यांकडून सही कशी घ्यायची? मागितले तर सासूबाई म्हणतात, आपल्याच माणसांकडं पैसे मागतेस? गेल्या महिन्यात हप्ता भरायला कानातले गहाण ठेवायची वेळ आली होती.

वाइंडिंगवाला (अंबड)

ताई, मला हा प्रश्न माझ्या भावकीनं शिकवला. चुलत्यांची मोटर मी फुकट भरायचो आणि मनात कुढायचो. शेवटी असं ठरवलं: घरच्यांना मजुरी माफ, सामान रोख. तारेचे पैसे मला जालन्याला रोख मोजावे लागतात, हे त्यांना सांगितलं तर त्यांनाही पटलं. तुम्ही शिलाईत सूट द्या, पण अस्तर, दोरा, हूक यांचे पैसे कपडा घेतानाच घ्या. पैसा स्वतःसाठी मागायचा म्हटलं की संकोच होतो, सामानासाठी मागताना होत नाही.

कानातले ठेवू नका.

भट्टीवाली (भूम)

सुईदोरा, अजून एक. सासूबाईंनाच वही लिहायला बसव. खरंच सांगते. आमच्या सासूबाईंकडं वही दिली त्या महिन्यापासून पाव्हण्यांची उधारी त्याच वसूल करायला लागल्या. कुणी किती नेलंय हे त्यांना लिहिल्यावरच कळलं.

शेड_नंबर (वाळूज)

आमचं गिऱ्हाईक शेतकरी नाही, मोठा कारखाना आहे, पण दुखणं तेच. छोटं जॉबवर्क युनिट, तीन मशिनी, पाच माणसं. २००६ च्या एमएसएमई (लहान उद्योगांच्या) कायद्यात लिहिलंय की आमच्यासारख्यांचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत झालं पाहिजे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. एप्रिल २०२३ पासून आयकराच्या नियमातही आलं की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षी वजा करता येत नाही. मार्च जवळ आला की आमच्याकडं फोन यायला लागले, "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योग असल्याची नोंदणी) पाठवा." नियमाचा फायदा झाला हे खरंच आहे.

पण व्याजाचा दावा मी आजवर केला नाही. करणारा माणूस पुढच्या ऑर्डरला दिसत नाही. इथं हिंमत कमी पडते हे मान्य करतो. त्याऐवजी मी माझ्या पाच माणसांचा पगार सात तारखेच्या पुढं कधी जाऊ दिला नाही. वरून मला जे मिळत नाही ते खाली माझ्याकडून मिळालं पाहिजे, एवढा एक हट्ट धरलाय. दोनदा एफडी मोडली त्यासाठी.

जुना_किराणा (औसा तालुका)

वय ७१. नातवाकडून टाइप करून घेतोय.

आमचं किराणा दुकान किल्लारीच्या बाजूला होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. दगडमातीचं घर, दुकान पुढच्या बाजूला. आम्ही वाचलो, दुकान गेलं, वह्या ढिगाऱ्यात गेल्या. पुढं पत्र्याच्या शेडात थोडा माल घेऊन बसलो. जुन्या उधारीचा एकही कागद नव्हता. काही माणसं आपणहून आली, आकडा त्यांनीच सांगितला, मी मान हलवली. काही आली नाहीत. त्यातल्या पुष्कळ घरांतलं कुणी उरलंच नव्हतं.

तेव्हापासून कुणी उधारी बुडवली की मला राग येत नाही. माणूस समोर आहे, बरा आहे, एवढं बघतो. नातू म्हणतो, आजोबा, हा धंदा नाही. त्याचंही बरोबर आहे. त्यानं आता दुकानात कॉम्प्युटर आणलाय आणि उधारी दर रविवारी फोनवर कळवतो. मी त्याला अडवत नाही.

बियाणं_खत (वसमत)

आजोबा, नमस्कार. याच्यापुढं काय लिहावं सुचत नाही.

सुईदोरा (नांदेड)

सासूबाईंनी वही घेतली. पहिल्याच दिवशी ३,४५० रुपयांची यादी निघाली. त्यातले १,२०० त्यांच्या सख्ख्या बहिणीकडं. उद्या त्या स्वतः जाणार आहेत.

वाइंडिंगवाला दादा, एक विचारू? त्या मोसंबीवाल्यांचे १४,३०० आले का?

वाइंडिंगवाला (अंबड)

अर्धे-मुर्धे आले. २०१९ ला त्यांचा मुलगा ९,००० घेऊन आला. बाग पुन्हा लावलीय, या वेळी निम्म्याच रानात, आणि शेततळं केलंय. मी म्हणालो, बाकीचे राहू द्या, रेघ मारतो. संध्याकाळी त्याच्या वडिलांचाच फोन आला. म्हणाले, "रेघ मारू नका. मला द्यायचेत अजून."

आता त्यांनी मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेतून सोलरचा पंप बसवलाय, त्यामुळं माझ्याकडं मोटर भरायला येत नाहीत. माझ्या मुलानं मात्र सोलर पंपाचा कंट्रोलर दुरुस्त करायचं शिकायला सुरुवात केलीय. मागच्या पंधरवड्यात त्यांच्याकडंच पहिल्यांदा गेला. मजुरीचे ४०० घेतले, बिल फाडलं, आणि जुन्या बाकीचं काही बोलला नाही. मी त्याला सांगितलंही नव्हतं.

५,३०० ची ती ओळ २०१२ च्या वहीत अजून तशीच आहे.